फाइल हलेना

आपल्याकडे फाइल ही वस्तू आणि हलणे हे क्रियापद यांचं कधीच जमलं नाही. फाइल जन्माला येते, बाळसं धरते, तिला लाल नाडी बांधतात, टेबलावरून कपाटात आणि कपाटातून माळ्यावर अशी तिची बढती होते. पण ती 'हलली' असं सहसा ऐकू येत नाही. चुकून हललीच, तर लोक नारळ फोडतात. म्हणून संगणक आला तेव्हा आमच्यासारख्या भोळ्या कारकुनांना वाटलं, सुटलो! आता बोटाने फाइल उचलायची आणि हवी तिथे टाकायची. मध्ये शिपाई नाही, हेडक्लार्क नाही, 'साहेब मीटिंगला गेलेत' नाही.

पण यंत्र झालं तरी ते फायलींच्याच संगतीत वाढलेलं. ते एक चौकोनी पाटी पुढे करतं आणि दोनच शब्द बोलतं : ॲक्सेस डिनाइड.

ज्यांना हे शब्द नवे आहेत त्यांच्यासाठी भाषांतर करतो. मी परभणीतल्या एका बँकेत कारकून आहे आणि गेली वीस वर्षं हेच वाक्य मराठीत बोलून पोट भरतो आहे. आमच्याकडे त्याला 'साहेबांची सही आणा' असं म्हणतात. माणसाचा चेहरा मला रोज दिसतो, त्याच्या मुलीचं लग्न कुठे ठरलं हे मला ठाऊक असतं, त्याच्या घरचा चहाही मी प्यालेलो असतो. पण सही जुळली नाही तर पैसे नाहीत. त्यामुळे संगणकाने ही पाटी दाखवली की लोक जसे खवळतात तसा मी खवळत नाही. उलट काउंटरच्या पलीकडे आपलाच कोणी जातभाई बसलाय असं वाटून बरं वाटतं.

आता नकाराचेही प्रकार असतात. पहिला प्रकार बिनविषारी. फाइल दुसरीकडे कुठेतरी उघडी असते आणि आपण ती हलवू पाहतो. एकाच्या हातातलं पासबुक दुसऱ्याने ओढावं तसा हा प्रकार. उघडी खिडकी बंद करावी, नाहीच जमलं तर संगणक एकदा निजवून उठवावा, काम होतं. दुसरा प्रकार कुलपाचा. कॅमेऱ्याच्या छोट्या कार्डाच्या कडेला एक नखाएवढी खिट्टी असते. ती खाली सरकली की त्या कार्डावरचं काही हलत नाही, पुसलंही जात नाही. यावर उपाय नखानेच करायचा. तिसरा प्रकार स्ट्राँगरूमचा. संगणकाची स्वतःची जी फोल्डरं असतात तिथे आपलं काही काम नसतं. 'मीच या यंत्राचा मालक, मग मला का नाही?' असं म्हणून लोक तिथे घुसतात आणि दुसऱ्या दिवशी यंत्र उठतच नाही. बँक सरकारची, सरकार जनतेचं, म्हणून जनतेने स्ट्राँगरूममध्ये सतरंजी टाकायची का?

चौथा प्रकार मात्र खरा. त्यात यंत्र 'नाही' म्हणतच नाही. ते विचारतं, 'आपण कोण?'

या प्रश्नाचा इतिहास मोठा मजेदार आहे. एक यंत्र एकच माणूस वापरत होता तोवर त्याला कोणाला ओळखायची गरज नव्हती. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांडो कोर्बातो यांच्या मंडळींनी १९६१ साली एकच यंत्र अनेकांनी एकाच वेळी वापरायची युक्ती दाखवली, आणि एकत्र कुटुंब झालं की जे होतं तेच झालं : प्रत्येकाला आपापली ट्रंक आणि आपापलं कुलूप हवं झालं. पासवर्ड आला तो तेव्हा. गंमत म्हणजे १९६६ साली त्याच यंत्रणेत दोन फायलींची अदलाबदल झाली आणि 'आजची सूचना' म्हणून यंत्राने सगळ्यांचे पासवर्डच सगळ्यांना वाचायला दिले. आमच्या बँकेच्या फळ्यावर एखाद्या सकाळी सुविचाराऐवजी खातेदारांच्या शिलका लिहिलेल्या सापडाव्यात, तसं.

पुढे युनिक्स आलं. त्याने जगाचे तीनच भाग केले : फाइलचा मालक, मालकाचा गट आणि बाकीचे सगळे. म्हणजे घरचे, भावकी आणि गाव! आणि हक्कही तीनच : वाचणे, लिहिणे, चालवणे. आपल्याकडे भावकीला वाचायचा हक्क दिला की ती लिहायला आणि चालवायलाही लागते, तो भाग वेगळा. विंडोजचं घर मात्र बरीच वर्षं उघड्या दाराचं होतं. विंडोज ९८ मध्ये फाइलला मालकच नसे. जो खुर्चीवर बसेल तो धनी. १९९३ साली आलेल्या विंडोज एनटीत प्रत्येक फाइलला मालक आणि हक्कांची यादी होती, पण ते बहुतेक कचेऱ्यांचं काम. २००१ साली विंडोज एक्सपी आलं आणि ही शिस्त घराघरांत पोचली.

आमच्या घरी ती अण्णांच्या रूपाने पोचली.

अण्णा म्हणजे माझे वडील. जिंतूर तालुक्यात शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक्सपीवाला संगणक घेतला आणि एका बोटाने मराठी टंकलेखन शिकले. एक अक्षर, मग चष्मा सारखा करायचा, मग दुसरं अक्षर. जोडाक्षर आलं तर मध्ये चहा. एक्सपीची देखभाल कंपनीने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली, पण अण्णांनी चालू ठेवली. 'आपणही रिटायरच आहोत की,' म्हणायचे. २०२३ च्या पावसाळ्यात अण्णा गेले. पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी वीज गेली, आली, पुन्हा गेली, पुन्हा आली, आणि त्या चौथ्या फेरीत संगणकानेही मान टाकली.

मी तो दुरुस्तीच्या दुकानात नेला. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण आमच्या गावाला चिकटलेली आहे. आम्ही ती दुरुस्तीच्या दुकानांनाही लावतो. दुकानातल्या पोराने यंत्र उघडून पाहिलं आणि म्हणाला, "काका, डबा गेला, पण डिस्क जित्ती हाय. दुसऱ्या कंपुटरला जोडून देतो." दिली जोडून. अण्णांचे फोटो निघाले, आरत्या निघाल्या, नातवाच्या शाळेचं वेळापत्रक निघालं. एक फोल्डर तेवढं निघेना. नाव होतं : 'महत्त्वाचे'.

"हलंना गेलंय, काका," पोरगं म्हणालं. "उघडंना बी गेलंय. अण्णांनी मुद्दाम खाजगी करून ठेवलेलं दिसायलंय."

एक्सपीत तशी सोय होतीच. फोल्डर 'खाजगी' अशी एक खूण करायची, की ते दुसऱ्या कोणाला उघडत नसे. ही बातमी मी घरी सांगितली आणि फोल्डरपेक्षा घरच जास्त उघडलं.

आत्याबाई म्हणाल्या, "जमिनीचे कागद असतील. नायतर कामून लपवील तो?" पुतण्या म्हणाला, फोटो असतील. आमच्या सौ.चं म्हणणं, गॅसचं पुस्तक दोन वर्षं सापडत नाही, ते असेल. आई म्हणाली, "असू द्या. त्यांचं त्यांना माहीत." आणि पुण्याहून फोनवर धाकटा भाऊ म्हणाला, "राहू दे ना दादा. जुनं काहीतरी असेल. कशाला उघडायचं?"

हे शेवटचं वाक्य आत्याबाईंनी फोनला कान लावून ऐकलं आणि 'हंऽ' केलं. आमच्याकडच्या वडीलधाऱ्या बायकांच्या 'हंऽ'ला कोर्टात पुरावा म्हणून मान्यता मिळाली तर निम्मे खटले एका तारखेत निकाली निघतील.

आमचं गावाकडे चार एकर रान आहे. चार एकर आणि दोन भाऊ, हे गणित सोपं आहे. तरी महाराष्ट्रात ते सोडवायला दोन पिढ्या लागतात. त्यामुळे हे फोल्डर आता नुसतं फोल्डर राहिलं नाही.

इथे थोडं तांत्रिक सांगतो, उपयोगाचं आहे. पुष्कळदा असं होतं की फाइल उघडते, वाचता येते, तिची कॉपीही होते, पण हलवायला गेलं की नकार. लोक म्हणतात यंत्र बिघडलं. बिघडलेलं नसतं. तलाठ्याकडे सातबाराची नक्कल फी भरून कोणालाही मिळते, ती कॉपी. पण एकाचं नाव कमी करून दुसऱ्याचं चढवायचं असेल तर फेरफार करावा लागतो. मूव्ह म्हणजे फेरफार. नव्या जागी ठेवण्याचा हक्क तर हवाच, पण जुन्या जागेवरून काढण्याचाही हक्क हवा. दुसरा मिळत नसेल तर हलवण्याचा हट्ट सोडावा आणि कॉपी करावी. कॉपी नव्या फोल्डरच्या चालीरीती घेते. त्याच ड्राइव्हमध्ये हलवलेली फाइल मात्र आपले जुने हक्क बरोबर घेऊन जाते. नक्कल सासरच्या वळणाची, आणि हलवलेली फाइल माहेरचं सोडत नाही.

अण्णांच्या फोल्डरला नक्कलही मिळेना. मी नव्या संगणकावर 'अण्णा' नावाचं खातं काढलं तर चालेल का, असं पुतण्याने विचारलं. माझ्यातला बँकवाला हसला. एकाच नावाचे, एकाच आडनावाचे पाच खातेदार आमच्या शाखेत आहेत, आणि एकाच्या पैशाला दुसऱ्याचा हात लागत नाही, कारण आम्ही खाते क्रमांक पाहतो. यंत्रही तेच करतं. नाव आपल्या समाधानासाठी. ते स्वतः प्रत्येक वापरणाऱ्याला एक क्रमांक देतं. एस-१-५-२१ अशी सुरुवात आणि पुढे आकड्यांची मारुतीची शेपटी. जुन्या संगणकातल्या अण्णांचा क्रमांक वेगळा, नव्यातल्या अण्णांचा वेगळा. मालकाच्या जागी नावच दिसत नव्हतं, ती शेपटीच तेवढी दिसत होती. माणूस गेला, यंत्र गेलं, आणि क्रमांक तेवढा दारावर बसून राहिला.

आमच्या आजोबांच्या वेळचे कागद उर्दूत आहेत. परभणी १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती, तेव्हाचे. ते वाचायला नानलपेठेतल्या एका वृद्ध गृहस्थांकडे आम्ही जायचो. तिथे कागद उघडायचा, पण अक्षर लागायचं नाही. इथे अक्षर आपलंच, कागदच उघडेना. बँकेत निदान १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीला चार-चार नॉमिनी लावता येतात; अण्णांच्या फोल्डरला एकही लावायची सोय नव्हती.

उपाय मात्र होता, आणि तो ऐकून मी हादरलो. दुकानातलं पोरगं म्हणालं, "काका, तुम्ही नव्या कंपुटरचे ॲडमिनिस्ट्रेटर हाव ना? मग मालकीच घ्या की!" फोल्डरवर उजवी टिचकी मारायची, प्रॉपर्टीज, त्यात सिक्युरिटी, त्यात ॲडव्हान्स्ड, मालकाच्या नावासमोर 'चेंज' असतं, तिथे आपलं नाव लिहायचं, आतल्या सगळ्या फायलींनाही हे लागू करा, या चौकटीत खूण करायची. मग बाहेर येऊन पुन्हा आत जायचं आणि स्वतःला पूर्ण हक्क द्यायचे. मालक होणं वेगळं आणि हक्क मिळणं वेगळं. ही दोन कामं पाठोपाठ, पण वेगवेगळी करावी लागतात. हेच काम टेकओन आणि आयकॅकल्स या दोन आज्ञा लिहूनही होतं. फायलींची नावं हिरवी दिसत असतील तर त्या सांकेतिक लिपीत गोठवलेल्या समजाव्यात. तिथे मालक होऊनही उपयोग नाही, जुनी किल्लीच लागते. अण्णांची नावं काळी होती.

म्हणजे बघा : यंत्राच्या कायद्यात खुर्चीवर बसलेला कारभारी पाच टिचक्यांत कोणाच्याही वस्तूचा मालक होऊ शकतो! आमचा तलाठी याहून कितीतरी कडक. वारसाची नोंद घालायची तर आधी फेरफाराच्या वहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, नोंद. मग चावडीवर प्रत. ज्यांचा संबंध त्यांना नोटीस. हरकतीसाठी पंधरा दिवस. आणि मगच मंडळ अधिकाऱ्याची सही. लिहिणारा एक, मंजूर करणारा दुसरा. बँकेतही नोंद मी करतो, पास अधिकारी करतो. तिजोरीला दोन किल्ल्या, दोन माणसांकडे. हे अविश्वासातून आलेलं नाही. दोघांनी मिळून उघडलेल्या तिजोरीबद्दल पुढे कोणी 'हंऽ' करत नाही, म्हणून ही पद्धत.

तेव्हा मी पोराला म्हटलं, "थांब. आधी नोटीस."

"कुणाला?"

"भावकीला."

धाकट्याला फोन केला : येत्या पंधरा दिवसांत फोल्डर उघडायचं आहे, तू असल्याशिवाय उघडणार नाही. तो पुन्हा म्हणाला, राहू दे. मी म्हटलं, हरकत असेल तर लेखी दे. तो रेल्वेने आला.

मयत खातेदाराचा लॉकर उघडताना दोन स्वतंत्र साक्षीदार बसवतात आणि आतल्या वस्तूंची यादी करतात. मी शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर आणि समोरच्या वकीलीणबाई अशा दोघांना चहाला बोलावलं. कागद घेतला, वर तारीख घातली, 'उघडतेवेळी हजर' असं लिहून खाली नावं घातली. आई म्हणाली, "बँकेत आहेस म्हणून घराची बँक करू नकोस." पण तीही पदर सारखा करून पुढे बसली. आत्याबाई तर संगणकाच्या इतक्या जवळ बसल्या होत्या, की मालकी त्यांच्याच नावावर व्हायची.

पाच टिचक्या मारल्या. एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे गेली आणि 'महत्त्वाचे' उघडलं.

एकेचाळीस फायली. जमिनीचा कागद नाही. मृत्युपत्र नाही. गॅसचं पुस्तक नाही. महिनेवार घरखर्च होता. दूध, किराणा, इस्त्री, पेपर. एका फाइलमध्ये आईच्या गोळ्यांच्या वेळा. एकीत रानातल्या विहिरीचं पाणी कोणत्या महिन्यात किती हात खाली जातं, त्याचं टिपण. मी एकेक नाव वाचत होतो, पोस्टमास्तर 'बरोबर' म्हणत होते. शेवटची फाइल : 'देणे'.

ती मी मोठ्याने वाचायला घेतली आणि दुसऱ्या ओळीला आवाज खाली आला. २०२१ साली जिंतूर रोडला आमचं घर बांधून होत होतं, स्लॅबच्या वेळी पैसे कमी पडले आणि अण्णांनी साठ हजार रुपये आणून दिले होते. 'फंडातले उरले होते,' म्हणाले होते. फाइलमध्ये लिहिलं होतं : 'थोरल्याच्या घरास कमी पडले. धाकट्याकडून रु. ६०,०००. थोरल्यास सांगू नये, मनाला लावून घेईल. पेन्शनीतून फेडणे.' त्याखाली महिन्याला दोन हजारांच्या एकवीस ओळी. शेवटची जून २०२३ ची. आणि त्याखाली, 'बाकी रु. १८,०००'. हे सगळं एका बोटाने.

कोणी काही बोलेना. आत्याबाईंनीही 'हंऽ' केलं नाही, डोळ्याला पदर लावला आणि धाकट्याला म्हणाल्या, "चहा घे की रे, गार व्हायलाय."

धाकटा संगणकाकडे न बघता म्हणाला, "मी नको म्हणत होतो त्यांना. ऐकायचे कुठे? दर एक तारखेला पाठवायचे. दादा, या फोल्डरला ॲक्सेस डिनाइडच बरा होता."

मी यादी पुरी केली. साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. वकीलीणबाई म्हणाल्या, अशी वाटणी त्यांच्या उभ्या वकिलीत झाली नाही.

मालकीचं एक लोक विसरतात. सातबारावर नवं नाव चढलं म्हणजे 'इतर हक्क' या रकान्यातला बोजा उतरत नाही. तो नव्या मालकाच्या डोक्यावर येतो. त्या फोल्डरच्या मालकाच्या जागी आता ती आकड्यांची शेपटी नाही, माझं नाव आहे. तेव्हा बोजाही माझाच. बाविसावी ओळ मी 'देणे' या फाइलमध्ये स्वतः लिहिली आणि एक तारखेला दोन हजार रुपये पुण्याला पाठवले. दोन तारखेला ते परत आले. पुढच्या महिन्यात पुन्हा पाठवले, पुन्हा आले. त्याला मी लेखी विचारलं, त्याने लेखी नाकारलं. बाकी अठरा हजारच आहे, दोघेही नियमाला धरून आहोत, आणि फाइल काही हलत नाही.